मलेनियाचं दुसरं रूप पाडायचं कसं: तयारीपासून शेवटच्या वारापर्यंत सगळं

एल्डन रिंग येऊन बरीच वर्षं झाली, फेब्रुवारी २०२२ ला आली होती गेम, तरी आमच्या सोलापूरच्या पोरांच्या ग्रुपवर दर चार-आठ दिवसांनी तेच रडगाणं येतं, "मालक, पहिली फेज आरामात जाते बे, दुसऱ्या फेजला ती फुलातनं उठली की मी आडवा." प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून काढालोय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी आधी ती कोण ते सांगतो. मलेनिया म्हणजे मारिका आणि राडागॉनची पोरगी, मिकेलाची जुळी बहीण. जन्मापासून अंगात स्कार्लेट रॉट, म्हणजे सडवणारा रोग, त्यात उजवा हात गेला म्हणून तिथं सोनेरी नकली हात. राडान नावाच्या सरदाराशी लढताना तिच्यातला रॉट फुलला आणि केलिड नावाचा अख्खा प्रदेश लालभडक सडून गेला, ते जे लाल आभाळ आणि सुजलेले कुत्रे बघून आपण पहिल्यांदा पळून आलो होतो ते सगळं हिचंच काम. आता तिला व्हिलन म्हणायचं का यावर आमच्यात कायम वाद, कारण ती बिचारी झाडाच्या बुडाशी भावाची वाट बघत बसलेली असते आणि दार ढकलून आत घुसतो आपण. असो. घुसलोय तर पाडायचं.

तिची हेल्थ संपली की गेम संपत नाय. कटसीन येतं, ती लाल फुलात मिटते आणि पाठीवर रॉटचे पंख घेऊन उठते, खाली नाव बदललेलं असतं, "मलेनिया, गॉडेस ऑफ रॉट". पहिल्या फेजला तिची हेल्थ १८,४७३ असते, दुसऱ्या फेजला ती पूर्ण भरून येत नाय, ८० टक्क्यांवर येते, म्हणजे १४,७७८. लोक हा आकडा बघतच नाहीत. म्हणजे दुसरं रूप हेल्थनं कमीच आहे, आणि तलवारीच्या बहुतेक चाली त्याच आहेत ज्या तुम्ही पहिल्या फेजला बघितल्या. मग पोरं मरतात कुठं? ती मरतात कारण तिथं पोचेपर्यंत फ्लास्क, म्हणजे हेल्थ भरायच्या बाटल्या, संपलेले असतात, हात थरथरत असतात, आणि तिनं मारलेल्या प्रत्येक वारानं ती स्वतःची हेल्थ भरून घेत असते. हो, ढालीवर घेतलेल्या वारानं पण भरते, तुमच्या समनला (मदतीला बोलवलेल्या साथीदाराला) मारलं तरी भरते. त्यामुळं माझं पहिल्यापासून एकच म्हणणं आहे, दुसऱ्या फेजची लढाई ही सगळी फ्लास्कच्या हिशोबाची आहे आणि तो हिशोब पहिल्या फेजपासून सुरू होतो. खालचं सगळं त्याच अंगानं लिहिलंय.

पोचायचं कसं (ज्यांचं झालंय त्यांनी उडी मारा)

मलेनिया ऑप्शनल बॉस आहे, स्टोरी तिच्याशिवाय पण संपते. हेलिगट्रीला, म्हणजे ती बसलेल्या झाडाकडं, जायला सीक्रेट मेडॅलियनचे दोन तुकडे लागतात. उजवा तुकडा लिउर्नियात अल्बिनॉरिकांच्या गावात, तिथं एक मडकं दिसेल त्याला मारा, त्यातनं आल्बस बाहेर येतो. डावा तुकडा जायंट्सच्या डोंगरावर कॅसल सोलमध्ये कमांडर निआलला मारल्यावर. (निआल दोन भुतं घेऊन येतो, मला विचाराल तर डोकेदुखीत तो मलेनियाच्या जवळपास जातो.) मग रोल्डच्या लिफ्टवर ते मेडॅलियन उचलायचं, कॉन्सिक्रेटेड स्नोफील्ड, तिथनं ऑर्डिना गावात चार दिवे पेटवायचे, पोर्टल उघडतं. पुढं लोरेटा नावाची बॉस, मग एल्फेल हे झाडाखालचं शहर, आणि सगळ्यात खाली "हेलिगट्री रूट्स" नावाचा ग्रेस, म्हणजे मेल्यावर परत उठायची जागा. ग्रेसपासून बॉसचं दार अगदी जवळ आहे, मेल्यावर परत यायला वेळ लागत नाय, एवढी एक दया त्यांनी केलीय.

एल्फेलमधनं पळत सुटू नका. तिथंच एका खोलीत पेटीत ड्रॅगनक्रेस्ट ग्रेटशील्ड टॅलिस्मन (ताईत) आहे, फिजिकल मार २० टक्के कमी करतो, आणि मलेनियाच्या तलवारीचा मार फिजिकलच. हा न घेता दारात उभं राहायचं म्हणजे पावसात छत्री घरी ठेवून जायचं.

तयारी

सगळ्यात आधी व्हिगर, म्हणजे हेल्थ वाढवणारा स्टॅट. आमच्याकडं पोरांना डॅमेजचं एवढं वेड की व्हिगर २५ वर ठेवून लेव्हल १४० करून बसतात आणि मग म्हणतात एका कॉम्बोत (सलग वारांत) मेलो. व्हिगर ४० ला हेल्थ १,४५० होते, ६० ला १,९००. तो मधला साडेचारशेचा फरक म्हणजे एक वार जास्तीचा झेलता येतो, आणि एक वार जास्तीचा झेलता आला की फ्लास्क प्यायची संधी मिळते. ६० करा. खरंच करा. लेव्हल १२० ते १५० च्या मध्ये कुठंही असलात तरी चालतं.

फ्लास्क जास्तीत जास्त १४ होतात आणि +१२ पर्यंत वाढतात, तुमचे कमी असतील तर मलेनियाला आठवडाभर सुट्टी द्या आणि गोल्डन सीड, सेक्रेड टिअर गोळा करून या. चिलखत कसलंही घाला पण वजन ७० टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे, त्याच्या वर गेलं की रोल (वार चुकवायची कोलांटी) जड होतो आणि जड रोलनं हिच्यासमोर काहीच होत नाय.

हत्यार. तिच्यावर ब्लीड (रक्तस्राव) चालतं, फ्रॉस्ट (गारठा) पण चालतं, हे दोन लक्षात ठेवा. फ्रॉस्ट बसला की काही सेकंद तिला सगळ्याचा २० टक्के जास्त मार लागतो, ब्लीड बसलं की एका दमात हेल्थचा मोठा तुकडा जातो. माझ्या मते साध्या माणसासाठी सगळ्यात बरं काम म्हणजे दोन कटाना, एक उचिगाताना ब्लड अ‍ॅफिनिटीची (हत्याराला दिलेला जास्तीचा गुण, इथं ब्लीडचा) आणि दुसरी, नागाकिबा किंवा अजून एक उचिगाताना, कोल्ड, म्हणजे फ्रॉस्टच्या अ‍ॅफिनिटीची. सामुराय घेतला असेल तर उचिगाताना पहिल्यापासून आहेच, दुसरी स्टॉर्महिलच्या डेथटच्ड कॅटाकूम्ब्समध्ये मिळते. ब्लडसाठी ब्लॅक व्हेटब्लेड लागतं ते नोक्रॉनमध्ये आहे, राडान मेल्याशिवाय नोक्रॉनचा रस्ता उघडत नाय. ज्याच्या फोटोंनी सगळं इंटरनेट भरलं होतं तो डोक्यावर मडकं घातलेला "लेट मी सोलो हर", तो पण रिव्हर्स ऑफ ब्लड आणि कोल्ड उचिगाताना घेऊनच लोकांच्या गेममध्ये जाऊन हिला एकटा मारायचा, गेमची प्रकाशक कंपनी बांदाई नामकोनं त्याला खरी तलवार भेट पाठवली होती. म्हणजे ब्लीड-फ्रॉस्टची जोडी उगाच नाय सांगालो.

जड हत्यारवाले पण वाईट नाहीत. माझा जुळे सोलापूरचा चुलतभाऊ ग्रेटस्वोर्ड घेऊन उडी मारून हेवी (जोराचा वार) मारत बसतो, ती दोन-तीन वारात अडखळते, अडखळली की तिचं काही चालत नाय. स्पेलवाल्यांचं थोडं अवघड, समोरनं साधे स्पेल टाकले की ती बाजूला सरकते, तिनं वार सुरू केल्यावरच टाकायचं.

रॉटचं औषध सोबत पाहिजेच. प्रिझर्व्हिंग बोलस बनवून ठेवा, नाहीतर फेथ १२ करून "फ्लेम, क्लीन्झ मी" घ्या. दुसऱ्या फेजला रॉट चढणारच आहे, चढल्यावर मेनू उघडून शोधत बसलात तर तेवढ्यात ती डोक्यावर. क्विक स्लॉटला लावा आणि फ्लास्कपासून एकाच बटणावर येईल असं लावा.

मशीन आणि हात

ही गोष्ट कोणी लिहीत नाय पण आपल्याकडं महत्त्वाची आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरला दुपारी खेळायच्या भानगडीत पडू नका. बाहेर ४३ डिग्री, खोलीत पंखा गरम हवा फेकालाय, ग्राफिक कार्ड तापून फ्रेम पडतात, आणि मलेनियासमोर फ्रेम पडली म्हणजे रोल चुकला. गेम मुळातच ६० फ्रेमवर लॉक आहे, तुम्हाला ६० स्थिर मिळत नसतील तर गवत, सावल्या खाली आणा, रे ट्रेसिंग बंद करा, दिसायला थोडं फिकं दिसेल, दिसू द्या. रात्री जेवून अकरानंतर बसा. हाताला घाम येऊन अ‍ॅनालॉग घसरतो म्हणून मांडीवर टॉवेल ठेवा, सोलापूरच्या माणसाला टॉवेलची काय कमी.

लाइट जाण्याचं पण बघा. इन्व्हर्टरवर पीसी नसेल तर लढाईच्या मधी लाइट गेली की ग्रेसपासून परत, त्यात काही नुकसान नाय, पण सेव्ह फाइल खराब व्हायची भीती असते. म्हणून दाराशी जायच्या आधी सेव्हची एक कॉपी काढा, अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये एल्डनरिंग नावाचा फोल्डर असतो, त्यात "ईआर००००" नावाची फाइल, ती पेनड्राइव्हवर टाकायची. कॅफेत तासाचे पैसे देऊन खेळणाऱ्यांनी तर हे रोज उठताना करायचंच, तिथल्या मशीनवर उद्या कोण बसेल आणि काय उडवेल सांगता येत नाय.

पहिली फेज: इथंच बचत

पहिल्या फेजचं टार्गेट हेल्थ संपवणं एवढंच ठेवू नका. टार्गेट असं ठेवा की कटसीन लागेल तेव्हा लाल, म्हणजे हेल्थचे फ्लास्क निम्म्याच्या वर हातात पाहिजेत. १४ पैकी १० लाल ठेवले असतील तर किमान सहा. पाचच्या खाली आलात आणि तिची हेल्थ अजून निम्मी आहे, तर त्या डावात जिंकायची आशा सोडा, पण डाव सोडू नका, तो सराव समजून दुसरी फेज बघायला मिळते का ते बघा.

मारायची पद्धत अशी. ती सुरुवातीला हळू चालत येते, तिला येऊ द्या, तुम्ही धावून जाऊ नका. तिचे कॉम्बो लांब असतात पण कॉम्बोच्या शेवटी ती क्षणभर थांबते, तेव्हा दोन वार, फार तर तीन, आणि बाजूला. चौथा वार मारायचा मोह होतो, तिथंच ती मधनंच तुमचा वार खाऊन उलटा मारते आणि दोनदा भरते. लांब भोसकायला येते ती चाल आणि वरनं उडी मारून आपटते ती चाल, या दोन्ही चुकवल्या की मारायला मोकळा वेळ मिळतो. लांबून धावत येऊन पकडते आणि तलवारीवर टोचून उचलते, ती चाल दिसली की डॉज करताना मागं जाऊ नका, बाजूला जा, मागं गेलात की पोचतेच.

पॅरी (तिचा वार नेमक्या वेळी उडवून लावणं) येत असेल तर करा पण एका पॅरीत ती गुडघ्यावर येत नाय, तीन लागतात, त्यामुळं एक पॅरी करून क्रिटिकल (गुडघ्यावर आल्यावरचा मोठा वार) शोधत उभं राहू नका.

ढाल घेणाऱ्यांनी वर सांगितलेलं परत वाचा. ढालीमागं लपून पहिली फेज काढता येते, पण तुम्ही जेवढं झेलता तेवढी ती भरते, लढाई दुप्पट लांबते आणि लांबली की फ्लास्क जातात. ढाल फक्त एका चालीसाठी ठेवा, तीच पुढं सांगालोय.

वॉटरफाउल डान्स

ही तिची सगळ्यात घातक चाल, याच्याशिवाय हा लेख निरर्थक आहे. तिची हेल्थ पाऊण भागाच्या खाली गेली की पहिल्या फेजला ही चाल सुरू होते, दुसऱ्या फेजला तर कधीपण. ती हवेत उचलली जाते, एक पाय दुमडलेला, तलवार मागं ओढलेली, आणि क्षणभर तिथंच लटकते. मग एकामागं एक तुफान वारांचे झपाटे, प्रत्येक झपाट्यात इतके वार की सगळे बसले तर व्हिगर ६० वाला पण जातो.

ती लटकलेली दिसली की तुम्ही लांब असाल तर सरळ पाठ फिरवून पळा, लॉक-ऑन (कॅमेरा तिच्यावर खिळवणं) काढून पळा, रोल नको, पळा. पहिला झपाटा तुमच्या मागं संपतो. दुसऱ्याला मात्र उलटं करायचं, तिच्याकडं तोंड करून तिच्या खालनं रोल, ती तुमच्या डोक्यावरनं निघून जाते. तिसऱ्याला परत तिच्या दिशेनं रोल, आणि शेवटचा वार थोडा उशिरा येतो तो बघून रोल. वाचताना सोपं वाटतंय, मेंदूला पटायला वेळ लागतो, कारण संकट बघून आपण मागं जातो आणि इथं दोनदा पुढं जायचंय.

माझी एक सवय सांगतो, ही चाल डोळ्यानं शिकू नका, कानानं शिका. आमचं घर पूर्व भागात, लहानपणापासून खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालू, मागाचा ठोका जरा चुकला की झोपेत पण कळायचं. तसंच हिचं आहे, झपाटा, छोटा विसावा, झपाटा, त्या विसाव्यात रोलचं बटण. हेडफोन लावा, गेमचं म्युझिक ऑप्शनमध्ये शून्य करा आणि साउंड इफेक्ट पूर्ण ठेवा. म्युझिक भारी आहे मान्य, ते नंतर यूट्यूबवर ऐका.

आता अडचण अशी की ती नेहमी लांब असताना उचलली जात नाय, तुमच्या नाकासमोर पण सुरू करते आणि तेव्हा पळायला वेळ नसतो. त्याला तीन उपाय. एक, ढाल, पूर्ण फिजिकल अडवणारी, पहिला झपाटा ढालीवर घ्या, ती थोडी भरेल, भरू द्या, जीव वाचला, पुढचे दोन रोलनं. दोन, ब्लडहाउंड्स स्टेप ही झटक्यात सरकायची स्किल, ड्रॅगनबॅरोमध्ये रात्री फिरणाऱ्या नाइट्स कॅव्हलरीकडनं मिळते, सलग वापरली की पॅचनंतर कमजोर होते पण पहिल्या झपाट्यातनं बाहेर काढते. तीन, फ्रीझिंग पॉट, म्हणजे फेकून मारायचं फ्रॉस्टचं मडकं. ती हवेत लटकलेली असताना फ्रॉस्ट बसला की ती धपकन खाली पडते, अख्खी चाल रद्द. पहिल्यांदा एका मडक्यात काम होतं, नंतर तिला फ्रॉस्ट चढायला जास्त लागतं आणि एक पुरत नाय, म्हणून हे मडकं पहिल्या फेजला उधळू नका, दुसऱ्या फेजसाठी ठेवा. कोल्ड कटानावाल्यांनी मात्र लक्ष ठेवा, तुमच्या तलवारीनं फ्रॉस्ट आधीच बसवून ठेवला असेल तर मडक्याचा नेम लागेल असं नाय. दोन्हीपैकी एकावर भिस्त ठेवा.

फूल

कटसीन संपलं. इथं निम्मी पोरं कंट्रोलर खाली ठेवून पाणी पितात. ठेवू नका, कारण ती उठल्या उठल्या पहिली चाल कायम एकच करते, स्कार्लेट एओनिया. हवेत वर जाते, पंख गुंडाळते आणि तुमच्यावर सूर मारते, जिथं पडते तिथं स्फोट, आणि लगेच नाय, थोड्या वेळानं त्याच जागी फूल उमलतं तो दुसरा स्फोट. पहिल्यातनं वाचलेले दुसऱ्यात मरतात.

तर कटसीन संपताच लॉक-ऑन काढा आणि तिच्यापासून लांब, थोडं तिरकं पळायला लागा. कॅमेरा मागं फिरवून ती सूर मारताना दिसली की रोल, आणि रोल संपला की थांबू नका, अजून पुढं पळा, फूल पूर्ण उमलेपर्यंत. उमललं की ती फुलाच्या मधी काही सेकंद गुडघ्यावर नुसती बसून राहते.

हे काही सेकंद म्हणजे अख्ख्या दुसऱ्या फेजची चावी आहे. लोक इथं अधाशासारखे फुलात घुसून मारायला जातात, दोन वार बसतात, अंगावर रॉट चढतो आणि मग रॉट उतरवायला एक बोलस, गेलेली हेल्थ भरायला एक फ्लास्क, म्हणजे मिळालं काय? माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या फुलाला मारायला जाऊ नका. लांब उभं राहा आणि तीन कामं करा. आधी हेल्थ पूर्ण भरा. मग वंडरस फिजिक (आपणच मिसळलेलं खास औषध) प्या, त्यात ओपलाइन बबलटिअर ठेवा, त्याचा बुडबुडा पहिला वार बराचसा अडवतो, पहिल्या फेजला पिऊन वाया घालवू नका. आणि तिसरं, स्पिरिट अ‍ॅश, म्हणजे साथीला लढणारं भूत, इथं बोलवा.

हो, अ‍ॅश इथं. सगळे दारातनं आत आल्या आल्या समन करतात, मग दुसऱ्या फेजपर्यंत तो अर्धमेला. समनचं चिन्ह लढाईभर चालू असतं, पहिली फेज एकट्यानं काढता आली तर भरलेला ताजा साथीदार बरोबर गरजेच्या वेळी मिळतो. ज्यांना पहिली फेज एकट्यानं जमत नाय त्यांनी आधी बोलवा, लाज कसली त्यात.

कोणाला बोलवायचं? ब्लॅक नाइफ टीचे, रिंगलीडर्स एव्हरगेओलमध्ये अलेक्टोला मारल्यावर मिळते, १३२ एफपी (जादूची ताकद) लागतात. ती स्वतः उड्या मारून वार चुकवते त्यामुळं मलेनियाला भरायला कमी मिळतं. मिमिक टिअर पण चालतो, तो एफपीऐवजी तुमची हेल्थ घेतो, म्हणून बोलवल्यावर परत एक फ्लास्क धरा हिशोबात. आणि बोलवताना तुमच्या अंगावर जे असेल तेच तो घेऊन येतो, ढाल हातात असेल तर काढून ठेवा, नाहीतर तो ढाल पुढं करून झेलत बसतो आणि ती मजेत भरत बसते. जाड ढालवाले सैनिक नकोतच, ते तिच्यासाठी जेवणाचं ताट. अ‍ॅश कोणतीही असो, रॉडेरिकाकडनं +१० करून घ्या.

साथीदार असला की नियम सोपा, ती त्याच्याकडं वळली की तुम्ही मागनं दोन वार, तुमच्याकडं वळली की फक्त चुकवायचं. दोघांनी एकाच वेळी हाणामारी केली की वॉटरफाउल दोघांवर बसतो.

फुलानंतरची दुसरी फेज

आता पंख. जुन्या चालींच्या शेवटी आता पंखाचा एक जास्तीचा फटका येतो, त्यामुळं पहिल्या फेजला जिथं दोन वारांची सवय लागली तिथं आता एकच मारा आणि पंखाची वाट बघा, तो गेला की दुसरा. हे पाळायला जाम जीवावर येतं, कारण तिची हेल्थ कमी दिसते आणि हात शिवशिवतात.

भुतांची चाल नवीन आहे. ती वर उडते, तिच्यासारख्या लाल आकृत्या तयार होतात आणि एकामागं एक तुमच्यावर झेपावतात, शेवटी ती स्वतः. एकेकाला बघून रोल मारत बसलात तर स्टॅमिना संपतो आणि शेवटच्या खऱ्या वाराला हात रिकामा. गोल चक्कर मारत पळत राहा, आकृत्या मागं पडत जातात, आणि शेवटी ती येते तेव्हा एकच रोल. स्टॅमिना कधीच शून्यावर आणायचा नाय हे या फेजला दुप्पट लागू.

वरनं आपटायला येते तेव्हा पुढं, तिच्या खालनं रोल, वॉटरफाउलसारखंच. आणि एओनिया ती नंतर परत करते. दुसऱ्या फुलाला मात्र हिशोब बघा, तिची हेल्थ पाव भाग राहिली असेल आणि तुमच्याकडं बोलस असतील तर रॉट अंगावर घेऊन मारायला परवडतं. नसतील तर परत फ्लास्क आणि श्वास.

शेवटच्या पंधरा-वीस टक्क्यांत एक गोष्ट हमखास होते, वॉटरफाउल येतो. जणू गेमला कळतं. ती हवेत उचलली गेली की मारायचं सगळं डोक्यातनं काढून टाका, राखून ठेवलेलं फ्रीझिंग पॉट इथं फेका, नसेल तर पळा, रोल, रोल. उतरली की ती क्षणभर मोकळी असते, तेव्हा मारा.

मित्रांना ऑनलाइन बोलवून मारायचं असेल तर बोलवा, पण माणसं वाढली की तिची हेल्थ पण वाढते आणि प्रत्येक जण मार खाऊन तिला भरवतो. तीन नवशिक्यांपेक्षा एक शांत डोक्याचा बरा, आणि त्याच्या इंटरनेटचा पिंग आधी बघा.

पडल्यानंतर

मलेनियाचा ग्रेट रून (अंगात ताकद देणारी खूण) मिळतो, तो आयसोलेटेड डिव्हाइन टॉवरवर चालू करावा लागतो, मार खाल्ल्यावर लगेच उलटा वार केला की थोडी हेल्थ परत, तिचीच विद्या पण पातळ केलेली. ज्यांनी मिलिसेंट नावाच्या पोरीची गोष्ट पूर्ण करून, बहिणींविरुद्ध तिला मदत करून सुई मिळवलीय त्यांनी ग्रेसवर बसून परत रिंगणात जा, मलेनिया पडली तिथं फूल असतं, त्याला ती सुई दिली की मिकेलाची सुई मिळते, फ्रेन्झीड फ्लेमच्या शेवटातनं बाहेर पडायचं असेल तर तीच लागते.

रिमेंबरन्स, म्हणजे बॉसची आठवण, मिळाल्या मिळाल्या ती हत्यारात किंवा मंत्रात बदलून देणाऱ्या एन्याकडं पळू नका. आधी चालत्या मॉसोलियमवर (चालणाऱ्या थडग्यावर) जाऊन त्याची दुसरी प्रत करून घ्या, म्हणजे हँड ऑफ मलेनिया कटाना पण मिळते आणि स्कार्लेट एओनियाचा मंत्र पण. कटानाला स्ट्रेंथ १६ आणि डेक्स ४८ लागतं, एओनियाला फेथ ३५. तेवढं नसेल तर राया लुकारियात रेन्नालाकडं लार्व्हल टिअर देऊन स्टॅट बदलून घ्या, कारण त्या कटानाची स्किल म्हणजे तोच वॉटरफाउल डान्स आहे आणि तो आता आपण गोड्रिकच्या किल्ल्यातल्या गरीब शिपायांवर चालवायचाय.